भेगेवरच्या काचा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी शालन इंगवले हे नाव सांगतो. आईवडिलांची गोष्ट वेगळी, ते सोडून. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. त्या कुठल्या शाळेत शिकवत नव्हत्या, तरी सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. सरकारी बांधकाम खात्यात त्यांनी एकतीस वर्षं ट्रेसर म्हणून नोकरी केली. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं जसाच्या तसा उतरवायचा, हे ट्रेसरचं काम. आता ते पदच राहिलेलं नाही. निवृत्त झाल्यावर बाई कोल्हापुरातल्या जुन्या इमारतींच्या भिंतींवर काचा चिकटवत फिरायच्या.

पहिल्या भेटीत त्यांनी मला शिडी धरायला लावली. मी मुरगूडहून पत्र्याची ट्रंक आणि अंथरुणाची वळकटी घेऊन कोल्हापूरच्या बोर्डिंगमध्ये राहायला आलो होतो. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. वडील मुरगूडच्या बाजारात दावी, कासरे, दोरखंडं विकायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. ट्रंक खोलीत ठेवून नळ शोधत इमारतीच्या मागच्या अंगाला गेलो, तर साठीच्या एक बाई पदर खोचून शिडीवर उभ्या. एका हातात कालवलेल्या प्लास्टरची वाटी, दुसऱ्या हातात दोन बोटं रुंदीची काचेची पट्टी. मला बघून म्हणाल्या, ‘‘पावणं, शिडी धरा की. नुसतं बघत काय ऱ्हायलाय?’’

मी शिडी धरली. भिंतीत वरपासून खालपर्यंत एक भेग गेली होती. बाईंनी काचेची पट्टी भेगेवर आडवी ठेवली, तिची दोन्ही टोकं भेगेच्या दोन बाजूंना प्लास्टरमध्ये बसवली आणि बारीक ब्रशनं काचेवर त्या दिवसाची तारीख घातली. अक्षर छापल्यासारखं. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी लावतायत. विचारलं तर खाली उतरून हात पुसत म्हणाल्या, ‘‘भेग जित्ती हाय का मेलेली ते बघायचं.’’ मग मला ओळखदेख नसताना तिथंच उभं करून समजावून सांगितलं. भिंत हलत असेल तर काच फुटते. वर्षानुवर्षं काच अखंड राहिली तर भेग जुनी आहे, मेलेली आहे, भिंत कधीच जागेवर बसली आहे. शेजारी लॉज बांधताना खोल पाया खणला, तेव्हा ही भेग पडली होती. ‘‘तवा भितीनं एक हिसका खाल्ला. आता बसलीया का न्हाई ते काच सांगंल. मी न्हाई सांगनार, इंजिनिअर बी न्हाई.’’

काचा त्या फोटो फ्रेमवाल्याकडून आणायच्या. फ्रेमला काच कापल्यावर ज्या अरुंद पट्ट्या उरतात, त्या तो त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा. आमच्या बोर्डिंगच्या मागच्या भिंतीवर त्या दिवशी पाच काचा होत्या. पुढं त्या अकरा झाल्या.

बोर्डिंग काळ्या दगडाचं, दुमजली. दगडांच्या सांध्यांत चुना, वर मंगलोरी कौलं, रस्त्याच्या बाजूला सागवानी सज्जा. खेड्यापाड्यांतल्या पोरांना शहरात टेकायला जागा असावी म्हणून संस्थानच्या काळात बांधलेलं. आमच्या खोलीत आठ जण. डबे गावाकडून एसटीनं यायचे आणि स्टँडवरून डबे आणायची पाळी ठरलेली असायची. उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळायचं आणि आत आम्ही पंख्याशिवाय अभ्यास करायचो. भिंतीची जाडी हातभराहून जास्त होती. त्या वेळी तिचं काही विशेष वाटलं नाही. जागा मिळाली, याचंच मोठं वाटत होतं.

बाई समोरच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. खिडकीखाली उतरतं टेबल, त्यावर दिवा, आणि कोपऱ्यात ड्रेनेजच्या चार इंची प्लास्टिक पाइपांचे तुकडे उभे. दोन्ही तोंडांना झाकणं लावलेली. त्यांत नकाशे असायचे. बाई लहान असताना बोर्डिंगला रस्त्यावरून चढायला पाच पायऱ्या होत्या. मी आलो तेव्हा तीन राहिल्या होत्या. दरवेळी जुन्या डांबरावर नवं डांबर, मग डांबरावर काँक्रीट, असा रस्ता वर वर आला आणि पायऱ्या त्यात गेल्या. पावसाचं पाणी मग जोत्यात शिरायला लागलं. बोर्डिंग चालवणाऱ्या ट्रस्टनं त्यावर उपाय म्हणून दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, जोत्याला फरशा लावल्या. बाई तो गिलावा बघून मला म्हणाल्या होत्या, ‘‘दमेकऱ्याच्या तोंडाला फडकं बांधल्यासारखं केलंय.’’ आत शिरलेलं पाणी चुन्यातून बाहेर पडायचं, ते आता पडेना, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

पहिल्या सत्रात मी ड्रॉइंगमध्ये नापास झालो. सगळं इंग्रजीत. सर भराभर बोलायचे आणि मी फळ्यावरचं नुसतं उतरवून घ्यायचो. घरी कळवलं नाही. बोर्डिंगच्या पायरीवर शीट घेऊन बसलो होतो. बाई भाजी घेऊन चालल्या होत्या. शीट हातात घेऊन त्यांनी बराच वेळ बघितली. म्हणाल्या, ‘‘रेघा चांगल्या हायत. पर तू बघितलेलं न्हाईस. पुस्तकातलं बघून काढलंस.’’

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. आठ दिवस हातात पेन्सिल दिली नाही. बोर्डिंगच्या भिंतीला तळहात लावून इमारतीला फेरी मारायला लावली. दगड कुठं गार लागतो, कुठं ओलसर लागतो, कुठं गिलावा पोकळ वाजतो, ते वहीत लिहायचं. मग गल्लीत खडूनं जमिनीवर खोल्या काढायला लावल्या. सेक्शन मला समजत नव्हतं. त्यांनी घरातली गुळाची ढेप आणली, सुरीनं उभी कापली आणि आतली बाजू माझ्याकडं केली. ‘‘बाहेरनं गूळ. आतनं काय दिसतंय? खडे, जाळी, कुठं पाक जास्त बसलाय. इमारत कापून बघता येत न्हाई म्हणून ती कागदावर कापायची.’’ त्यानंतर मला सेक्शन कधी अडलं नाही. पुढच्या परीक्षेत मी वर्गात दुसरा आलो.

कोल्हापुरातल्या बायका बोलतात तसं त्या ‘मी जातो, मी बघतो’ असंच बोलायच्या. रागावल्या तरी आवाज तसाच, मोठा. माझी चूक झाली की पुसायला रबर द्यायच्या नाहीत. ट्रेसिंगच्या कागदावर शाईची चूक दाढीच्या ब्लेडनं खरवडून काढावी लागते. अर्धं ब्लेड माझ्या हातात देऊन म्हणायच्या, ‘‘खोडली की डाग ऱ्हातोय, खरवडली की कागद पातळ हुतोय. कसं बी कर, उजेडाला धरली की चूक दिसतीया.’’

त्यांनी उतरवलेले नकाशे मी एकदा खात्याच्या जुन्या दप्तरात बघितले. पूल, शाळा, पाण्याच्या टाक्या. प्रत्येकावर उजवीकडं खाली चौकट, चौकटीत इंजिनिअरची मोठी सही. बाईंचं नाव कुठंच नव्हतं. अगदी कोपऱ्यात मुंगीएवढी दोन अक्षरं होती, शा. इं. मी विचारलं, तुम्ही सही का नाही करायची? ‘‘सही साहेबाची. आमी उतरवणारी मानसं.’’ यात त्यांना वाईट वाटत होतं की नाही, ते मला कळलं नाही. मी पदवी घेऊन पेढे द्यायला गेलो तेव्हा मात्र त्यांनी सहीचा विषय काढला. म्हणाल्या, ‘‘आता सही करणारा झालास. सही करायच्या आधी भितीला हात लावून येत जा. मापं घेणारा खोटं बोलंल, भित न्हाई बोलत.’’

निवृत्तीनंतर बाईंनी दुसरं एक काम मागं लावून घेतलं होतं. शहरात कुठं जुनं काही पाडायला काढलंय असं कळलं की त्या टेप, वही आणि पाण्याची बाटली घेऊन तिथं जायच्या आणि पाडायच्या आधी मोजून घ्यायच्या. कमानी, हौद, दुकानांच्या ओळी, एकदा तर कुणाच्या तबेल्याचा नुसता दरवाजा. मी बऱ्याचदा बरोबर असायचो. धान्यबाजारातली एक दगडी कमान पार्किंगसाठी पाडत होते, तेव्हा ठेकेदारानं त्यांची चेष्टा केली. आज्जी, मोजून काय करणार, परत बांधून देणार काय, असं तो मजुरांसमोर मोठ्यानं म्हणाला. बाई टेप सोडत होत्या. म्हणाल्या, ‘‘न्हाई. तू काय पाडलंस ते तुला तरी कळू दे. हे टोक धर.’’ त्यानं धरलं. मजूर हसले, पण तो दोन तास टेपचं टोक धरून उन्हात उभा होता, आणि शेवटी कमानीच्या मधल्या दगडाचं माप त्यानं स्वतःच ओरडून सांगितलं.

मी काही वर्षं पुण्यात नोकरी केली, मग परत येऊन राजारामपुरीत स्वतःचं ऑफिस काढलं. दारावर ‘स्ट्रक्चरल कन्सल्टंट’ अशी पाटी लावली. मुरगूडहून आईवडील आले होते. वडिलांनी पाटीवरून हात फिरवला. बाईही आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जड पुडकं त्यांनी टेबलावर ठेवलं. आत काचेच्या दहा पट्ट्या होत्या. ‘‘पेढे कोन बी आणतंय,’’ म्हणाल्या. मी त्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवल्या. आमचं काम नव्या इमारतींचं. त्यांची गरज पडली नाही.

मग बोर्डिंगचं काम आलं.

बोर्डिंगच्या ट्रस्टचे अध्यक्ष, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, स्वतः माझ्या ऑफिसात आले. तेही त्याच बोर्डिंगात राहून शिकलेले. जागा आता हमरस्त्यावर आली होती. खाली दुकानं, वर मुलांसाठी नवं वसतिगृह, लिफ्ट, गरम पाणी, असा आराखडा तयार होता. अडचण एकच होती. इमारत शहरातल्या जतन करायच्या वास्तूंच्या यादीत होती, आणि ती धोकादायक असल्याचा इंजिनिअरचा अहवाल असल्याशिवाय पाडता येत नव्हती. तात्या मला म्हणाले, ‘‘दुसऱ्या कुणाला दिलं असतं की. पर तू आपला हाईस. बोर्डिंगच्या छपराखाली ऱ्हायलेला.’’ मला कुणी धमकी दिली नाही. नेहमीच्या फीपलीकडं काही देऊ केलं नाही. मला बोलावलं याचा मला आनंदच झाला होता.

तपासणीला मी दोन मदतनीस घेऊन गेलो. आमच्याकडं एक हातोडीचं यंत्र असतं. जाड टॉर्चसारखं दिसतं. ते पृष्ठभागावर दाबलं की आतली स्प्रिंग ठोका मारते आणि ठोका किती उसळून परत आला त्याचा आकडा दाखवते. ते काँक्रीटसाठी बनवलेलं आहे. दगड-चुन्याच्या भिंतीवर दाबलं तरी ते आकडा दाखवतं, फक्त त्या आकड्याला अर्थ नसतो. हे मला माहीत होतं. पण ठरलेल्या फॉर्ममध्ये त्या आकड्यासाठी रकाना होता. मी तो भरला. सगळे आकडे कमी आले. मागच्या भिंतीवरच्या काचा मी त्या दिवशी मोजल्या. अकरा. सगळ्या अखंड. माझ्या वहीत तसं लिहिलं. फॉर्ममध्ये काचांसाठी रकाना नव्हता.

भिंतीला मी हात लावला नाही. उन्हं वर आली होती, घाई होती.

अहवालाच्या शेवटी ‘इमारत वापरास धोकादायक’ असं वाक्य आहे. ते छापील आहे. त्याच्याखाली माझी सही, शिक्का आणि परवाना क्रमांक.

बाई पंधरा दिवसांनी ऑफिसात आल्या. तीन मजले चढून. तेव्हा त्या ऐंशीला टेकल्या होत्या. बगलेत पाइपचा तुकडा होता. पाणी प्यायल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘काचा बघितल्यास?’’

‘‘बघितल्या.’’

‘‘फुटल्यात?’’

‘‘नाही, बाई.’’

‘‘मग धोका कुठं हाय?’’

मी त्यांना अहवालाची पद्धत सांगितली. ठरलेला नमुना, चाचण्या, आकडे. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग पाइपचं झाकण काढून एक शीट टेबलावर पसरली. बोर्डिंगची मागची भिंत, दगडान् दगड मोजून काढलेली. भेगा, त्यांवरच्या अकरा काचा, प्रत्येक काच कधी लावली ती तारीख. शेजारी तक्ता. दर सहा महिन्यांनी त्या जाऊन बघायच्या आणि नोंद करायच्या. एकोणीस वर्षांच्या नोंदी होत्या. प्रत्येक ओळीत एकच शब्द, अखंड, अखंड, अखंड. खाली चौकट. ‘निरीक्षण’ या शब्दापुढं ती दोन बारीक अक्षरं. ‘प्रमाणित’ या शब्दापुढची जागा कोरी.

त्या ही शीट घेऊन पाडायची परवानगी देणाऱ्या ऑफिसात जाऊन आल्या होत्या. तिथल्या माणसानं ती नीट बघितली, चहा दिला आणि परवानाधारक इंजिनिअरच्या सहीशिवाय घेता येणार नाही म्हणून सांगितलं. हरकत घ्यायला तीन आठवडे होते.

‘‘एक सही पायजे,’’ बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलेलं नव्हतं. मी म्हणालो, ठेवून जा, बघतो. त्या म्हणाल्या, ‘‘बघ. मला काय घाई न्हाई. घाई त्येंनाच हाय.’’ दारापर्यंत गेल्यावर थांबल्या. ‘‘मी दिलेल्या काचा कुठं लावल्यास काय?’’ असं विचारलं. मी म्हणालो, अजून नाही. त्यांनी मान हलवली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. मी खाली सोडायला गेलो नाही. फोन आला होता.

शीट टेबलावर राहिली. मी सही करणार नाही असं कधी ठरवलं नाही. करणार असंही ठरवलं नाही. एकाच इमारतीबद्दल दोन कागद, एक म्हणतो धोका आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि दोन्हींवर माझीच सही, हे कसं दिसेल, एवढा एक विचार यायचा. परवान्याचा विचार यायचा. तात्यांचे फोन यायचे, नव्या वसतिगृहाच्या पाटीवर तुझं नाव घालू म्हणायचे. दुसऱ्या आठवड्यात शीटवर दुसऱ्या कामाची फाइल आली, मग तिच्यावर आणखी एक. मला झोप लागत होती. जेवण जात होतं. लोक अशा वेळचं काही काही सांगतात, तसं मला काही झालं नाही. तीन आठवडे झाले आणि मुदत संपली.

पाडण्याचा आदेश बोर्डिंगच्या दारावर लागला. मुलांना दुसरीकडं हलवलं. त्याच सुमारास बाईंचे गुडघे अगदीच गेले म्हणून गडहिंग्लजची भाची येऊन त्यांना घेऊन गेली. नकाशांचे पाइप टेम्पोत भरायला मी मजूर पाठवले. स्वतः गेलो नाही.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, ‘‘सही ऱ्हाऊ दे आता. तेवढी एक काच काढून आण. तू शिडी धरलीतीस ती.’’

मी विचारलं, कशाला, बाई?

‘‘कशाला म्हंजे? माझी हाय.’’

पाडायचं मशीन येण्याच्या आदल्या दिवशी मी काच काढायला गेलो. त्याबद्दल नंतर बाईंना पाठवलेल्या पत्रात लिहिलं आहे, म्हणून इथं लिहीत नाही.

पाडायचं काम ठेकेदारानं चार दिवसांचं म्हणून घेतलं होतं. एकोणीस दिवस लागले. सज्जा आणि कौलं पहिल्या दिवशी उतरवली, पण मागची भिंत जाईना. मशीनच्या दगड फोडायच्या पहारीचं टोक दोनदा तुटलं. गल्लीतले लोक रोज खुर्च्या टाकून बघायला बसायचे. मी एकदा गेलो, तेव्हा धुळीनं पांढरा झालेला ठेकेदार माझ्याजवळ आला. अहवालावर माझं नाव आहे, हे त्याला माहीत होतं. तो भांडायला आला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. ‘‘साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘ही धोकादायक हुती म्हणं की?’’

मी म्हणालो, अहवालात तसं आहे. तो बरं म्हणून परत मशीनकडं गेला.

आता तिथं खड्डा आहे. दोन मजली तळघराचा पाया चालू आहे. रस्त्यात बुडालेल्या दोन पायऱ्या खणताना वर आल्या, त्या गाडीत भरून कुठंतरी भरावाला नेल्या. ऑफिसला जाताना तो रस्ता टाळायची मला गरज वाटत नाही. मी तिथून जातो.

बाई गडहिंग्लजला असतात. चालता येत नाही, पण नजर शाबूत आहे. माझ्या पत्राला त्यांनी उत्तर पाठवलेलं नाही. महिन्याभरानं मी भाचीला फोन केला. ती म्हणाली, मिळालं पत्र. मावशींनी भिंग घेऊन दोनदा वाचलं आणि बोर्डिंगच्या नकाशाच्या पाइपात ठेवायला सांगितलं. काही बोलल्या काय, असं मी विचारलं. झाकण घट्ट लाव म्हणाल्या, असं तिनं सांगितलं.

त्या पाइपात आहे ते पत्र असं:

ती. बाईंस,

साष्टांग नमस्कार.

सोबत तुमची शीट पाठवत आहे. ‘प्रमाणित’ या शब्दापुढं मी आज सही केली आहे, शिक्का मारला आहे आणि आजचीच तारीख घातली आहे. मागची तारीख घातलेली नाही. आता या सहीचा कुणाला उपयोग नाही, हे मला माहीत आहे. ‘निरीक्षण’ या शब्दापुढं तुमचं पूर्ण नाव लिहिलं आहे, त्याबद्दल तुम्हाला न विचारता हात लावला म्हणून माफ करा.

अहवालातले आकडे भिंतीचे नव्हते. यंत्र त्या भिंतीसाठी नव्हतं. मी अजाणता चुकलो असतो तर तुम्ही ब्लेड दिलं असतं. मला माहीत होतं आणि मी रकाना भरला. तुम्ही शीट घेऊन गेला होता त्या ऑफिसला मी तसं लेखी कळवलं आहे. त्यांनी पोच दिली आहे.

तुमच्या गल्लीतल्या घराची रस्त्याकडची भिंत समोरच्या खोदाईनं तडकली आहे. घरमालकाला विचारून मी तिथं काच लावली. तुम्ही दिलेल्या दहांपैकी पहिली. शिडी धरायला कुणी नव्हतं, म्हणून जरा वाकडी बसली आहे. आठवड्यातून एकदा जाऊन बघतो. आधी भिंतीला हात लावतो, मग काच बघतो.

तुम्ही सांगितलेली काच काढायला मी मशीन येण्याच्या आदल्या दिवशी गेलो होतो. शिडी लावून वर चढलो. तारीख स्वच्छ वाचता येत होती. प्लास्टर दगडाला इतकं धरून होतं की पातं आत जाईना. मी उलथन्यानं थोडा जोर दिला. एकोणीस वर्षांत अकरा काचांपैकी एकही भेगेनं फुटली नाही, बाई. तुम्ही मागितलेली माझ्या हातात फुटली. दोन तुकडे झाले. दोन्ही कापसात गुंडाळून पाठवले आहेत.

आपला,
महादेव